थंडी सारखीच, पण मासे वेगळे: दोन्ही ध्रुवांवरचे मासे गोठत का नाहीत आणि तिथे पोचले कसे

खारं पाणी शून्य डिग्रीला गोठत नाही, मिठामुळे ते साधारण उणे १.९ डिग्री सेल्सियसपर्यंत पातळ राहतं. आणि समुद्रातल्या नेहमीच्या हाडांच्या माशांच्या रक्तात मीठ असतं समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश, त्यामुळे त्यांचं रक्त उणे ०.८ च्या आसपासच गोठायला पाहिजे. म्हणजे साध्या हिशोबाने अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला, जिथे काही ठिकाणी पाणी जवळजवळ वर्षभर उणे १.९ ला चिकटून असतं आणि बर्फाचे बारीक कण तरंगत असतात, तिथे असा एकही मासा जिवंत राहायला नको. पण तिथे मासे आहेत, भरपूर आहेत आणि फार पूर्वीपासून आहेत. उत्तर ध्रुवाकडेही आहेत. फक्त दोन्हीकडचे मासे, थोडे अपवाद सोडले तर, एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत, ते वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या वाटेने तिथे आले, आणि मला या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. थंडी दोन्हीकडे सारखीच, पण कुठल्या समुद्रात कोण राहणार हे एकट्या थंडीने ठरवलेलं नाही. त्या समुद्राला थंड होऊन किती काळ झाला आणि त्याच्या वाटा कधी उघड्या होत्या, कधी बंद, यावर ते ठरलंय.

आधी गोठण्याचं बघू, कारण ते कळल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. शरीरात बर्फाचा एक कण तयार झाला की तो आजूबाजूचं पाणी आपल्यात घेत वाढतो, मीठ मात्र बाहेर टाकतो, त्यामुळे उरलेलं पाणी जास्त जास्त खारट होत जातं, मग पेशींमधलं पाणी बाहेर खेचलं जातं, पेशी आक्रसतात, त्यांचे पडदे फाटतात आणि मासा मरतो. पण यात एक बारकावा आहे. पाणी गोठणबिंदूच्या खाली गेलं म्हणून लगेच गोठतंच असं नाही, सुरुवात करून द्यायला बर्फाचा एखादा कण लागतो, तो नसेल तर ते तसंच पातळ राहू शकतं. १९५० च्या दशकात पेर शोलँडर आणि त्यांचे सहकारी कॅनडातल्या लॅब्राडोरच्या हेब्रन फ्योर्डमध्ये हेच तपासत होते. तिथे खोल तळाशी राहणाऱ्या माशांचं रक्त खरोखर गोठणबिंदूच्या खाली होतं आणि तरी मासे आरामात पोहत होते, कारण तेवढ्या खोलवर बर्फ नसतोच. पण तेच मासे वर आणून त्यांना बर्फाचा नुसता स्पर्श झाला की ते गोठून मरत. वरच्या थरात, बर्फाच्या जवळ राहणाऱ्या माशांना मात्र हिवाळ्यात काहीच होत नव्हतं. म्हणजे त्यांच्या रक्तात काहीतरी वेगळं होतं, पण काय ते तेव्हा सापडलं नाही.

ते सापडलं दुसऱ्या टोकाला. आर्थर डिव्ह्रीज नावाचा तरुण संशोधक १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडला गेला, तिथल्या माशांवर काम करायला लागला, आणि त्याच्या लक्षात आलं की या माशांच्या रक्तातलं सगळं मीठ मोजलं तरी हिशोब जुळत नाही, मिठामुळे गोठणबिंदू जेवढा खाली यायला हवा त्याच्या कितीतरी खाली तो आलाय. १९६९ पर्यंत उत्तर मिळालं होतं: रक्तात एक प्रोटीन आहे ज्याला साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या आहेत, ग्लायकोप्रोटीन, आणि तेच गोठणं थांबवतंय. याला अँटीफ्रीझ म्हणतात, पण गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तसलं हे काम नाही. रेडिएटरमधलं केमिकल पाण्यात मिसळून, नुसत्या स्वतःच्या प्रमाणामुळे गोठणबिंदू खाली आणतं, जितकं जास्त घालाल तितका परिणाम जास्त. माशातलं प्रोटीन पाण्याशी नाही, थेट बर्फाशी भिडतं.

म्हणजे कसं, तर बर्फाचा अगदी सूक्ष्म कण रक्तात आला की हे रेणू त्याच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी जाऊन चिकटतात. आता त्या कणाला वाढायचं असेल तर जिथे प्रोटीन चिकटलेलं नाही तेवढ्याच मधल्या जागेतून वाढावं लागतं, आणि गादीला टाके घातल्यावर मधला कापूस फुगून वर येतो तसा बर्फाचा पृष्ठभाग दोन रेणूंच्या मध्ये फुगायला लागतो. फुगलेल्या, वक्र पृष्ठभागावर अजून पाणी गोठवायचं तर तापमान आणखी खाली जावं लागतं, हा भौतिकशास्त्राचा नियमच आहे. मग तो कण तसाच अडकून राहतो, ना वाढत ना पसरत. बर्फ असतो, पण त्याचं पुढे काही चालत नाही. या माशांचं रक्त त्यामुळे उणे २ च्याही खाली पातळ राहतं, आणि समुद्र काही उणे १.९ च्या फारसा खाली जात नाही, म्हणजे तेवढं संरक्षण बरोब्बर पुरतं.

हा बर्फ माशाच्या आत शिरतो कसा, तर मुख्यतः तोंडावाटे. समुद्रातल्या माशांना सतत पाणी प्यावं लागतं, आणि त्या पाण्याबरोबर, भक्ष्याबरोबर बर्फाचे कण थेट आतड्यात पोचतात. बरीच वर्षं समज होता की हे प्रोटीन यकृतात बनतं, कारण रक्तातली बहुतेक प्रोटीन्स तिथेच बनतात, पण २००६ मध्ये क्रिस्टिना चेंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अंटार्क्टिकच्या माशांमध्ये ते मुख्यतः स्वादुपिंडात बनतं आणि तिथून आधी आतड्यात सोडलं जातं. म्हणजे बर्फ जिथून आत येतो, पहारा आधी तिथेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

हे प्रोटीन आलं कुठून? निसर्गात नवीन प्रोटीन आभाळातून पडत नाही, बहुतेक वेळा जुन्याच जीनची एक जास्तीची कॉपी होते आणि ती कॉपी बदलत बदलत दुसरं काम करायला लागते. १९९७ मध्ये चेंग, डिव्ह्रीज आणि लिआंगबिआओ चेन यांनी अंटार्क्टिकच्या माशांमधला अँटीफ्रीझचा जीन उलगडून बघितला तेव्हा त्याची दोन टोकं ओळखीची निघाली. ती ट्रिप्सिनोजेन या पाचक एन्झाइमच्या जीनची होती, जे स्वादुपिंडात बनतं आणि आतड्यात सोडलं जातं. झालं असं की त्या जुन्या जीनचा मधला, पचनाचं काम करणारा सगळा भाग गळून गेला, सुरुवातीचा तुकडा राहिला ज्यावर जणू "हे पेशीबाहेर पाठवा" असा पत्ता असतो, शेवटचा तुकडा राहिला, आणि मध्ये डीएनएच्या फक्त ९ अक्षरांचा एक छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा कॉपी होत गेला. ९ अक्षरं म्हणजे तीन अमिनो आम्लं: थ्रिओनिन, अ‍ॅलानिन, अ‍ॅलानिन. बस्स, हेच तीन, परत परत, लहान रेणूत ४ वेळा तर मोठ्यात ५५ वेळापर्यंत, आणि प्रत्येक थ्रिओनिनला दोन साखरेचे रेणू जोडलेले. इतकी साधी रचना असलेलं प्रोटीन एवढं मोठं काम करतं हे पहिल्यांदा कळतं तेव्हा खरंच थक्क व्हायला होतं. आणि ते आधी आतड्यात का जातं हेही आता कळलं असेल, कारण ज्या जीनपासून ते बनलं त्याचा माल पहिल्यापासून तिथेच जात होता.

आता उत्तरेकडे चला. आर्क्टिकमध्ये पोलर कॉड नावाचा छोटा मासा आहे, साधारण वीतभर लांबीचा, बर्फाच्या खालच्या बाजूला भेगांमध्ये लपून राहणारा. त्याच्या रक्तातही अँटीफ्रीझ ग्लायकोप्रोटीन असतं आणि ते जवळपास हुबेहूब तेच असतं. तीच तीन अमिनो आम्लं, तीच साखर, तेच पुन्हा पुन्हा येणं. पण कॉडचा गट आणि अंटार्क्टिकच्या माशांचा गट वेगळे होऊन कोट्यवधी वर्षं झालीत, आणि कॉडच्या जीनमध्ये ट्रिप्सिनोजेनचा मागमूसही नाही. मग तो कुठून आला हे कोडं वीस वर्षं तसंच राहिलं. अलीकडे, २०१८-१९ मध्ये, दोन गटांच्या संशोधनातून दिसलं की कॉडमध्ये हा जीन कुठल्याही जुन्या जीनपासून बनलेलाच नाही, तो डीएनएच्या अशा भागातून उभा राहिलाय जो आधी कुठलंच प्रोटीन बनवत नव्हता. म्हणजे एका ध्रुवावर पाचक एन्झाइमचा जीन मोडून, दुसऱ्या ध्रुवावर जवळजवळ शून्यातून, आणि दोन्हीकडे वस्तू तयार झाली तीच. उत्क्रांतीत दोन वेगळ्या वाटा एका ठिकाणी येतात याची उदाहरणं पुष्कळ आहेत, पण अगदी रेणूच्या पातळीवर इतकं स्वच्छ उदाहरण फार क्वचित मिळतं.

आणि हे इथेच संपत नाही. विंटर फ्लाउंडर नावाच्या चपट्या माशाकडे अ‍ॅलानिनने भरलेलं, मळसूत्रासारखं वळलेलं वेगळंच अँटीफ्रीझ आहे, ते तो हिवाळ्यापुरतं बनवतो आणि उन्हाळ्यात बंद करतो. ईलपाउट गटातल्या माशांनी सियालिक आम्ल बनवणाऱ्या एन्झाइमच्या जीनपासून तिसरं तयार केलं. हेरिंग आणि स्मेल्टमध्ये आणखी एक प्रकार आहे आणि तिथे तर असं दिसतं की तो जीन हेरिंगमधून स्मेल्टमध्ये थेट उचलला गेला, आईबापांकडून न येता. रेनबो स्मेल्ट वर हिवाळ्यात अंगात ग्लिसरॉलही साठवतो. ग्रीनलंड शार्कला तर या सगळ्याची फारशी गरजच नाही, कारण शार्कच्या शरीरात युरिया आणि तशीच दुसरी द्रव्यं इतकी असतात की त्याच्या रक्तात विरघळलेली द्रव्यं एकूण जवळपास समुद्राइतकीच भरतात. म्हणजे न गोठण्याचा उपाय सापडणं ही एकदाच घडलेली नशिबाची गोष्ट नाही, तो वेगवेगळ्या माशांना पुन्हा पुन्हा सापडलाय. म्हणूनच मी म्हणतो की दक्षिणेत एकाच गटाचं राज्य का आणि उत्तरेत तसं का नाही, याचं उत्तर नुसत्या अँटीफ्रीझमध्ये शोधून चालणार नाही.

ते उत्तर नकाशात आहे. अंटार्क्टिका कधीकाळी ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेला जोडलेली होती आणि तिच्या किनाऱ्याचं पाणी चांगलं कोमट होतं. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या सीमोर बेटावर जे जीवाश्म मिळालेत त्यावरून दिसतं की सुमारे ४ ते ५ कोटी वर्षांपूर्वी तिथे शार्कसकट बऱ्याच प्रकारचे मासे होते, जसे आज कुठल्याही समशीतोष्ण समुद्रात असतात. मग ऑस्ट्रेलिया सुटली, दक्षिण अमेरिका सुटली, त्या दोघांमधला ड्रेक पॅसेज हा समुद्राचा पट्टा उघडला, आणि अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे गोल फिरणारा प्रचंड प्रवाह तयार होत गेला, पृथ्वीला पूर्ण वेढा घालणारा हा एकमेव समुद्रप्रवाह आहे. सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी खंडावर मोठे हिमस्तर वाढायला लागले. आज त्या प्रवाहात ध्रुवीय सीमा म्हणून ओळखली जाणारी एक रेषा आहे जिथे थोड्याच अंतरात वरच्या पाण्याचं तापमान काही डिग्रींनी बदलतं, आणि उथळ पाण्यातल्या माशांसाठी ती जवळजवळ भिंतच आहे. उत्तरेकडून कोणी आत येत नाही, आतलं कोणी सहसा बाहेर जात नाही.

त्या काळात जुने मासे बहुतेक संपले. काही थंडीने, काही उथळ किनारा बर्फाखाली गेल्यामुळे राहायला जागाच न उरल्याने. आणि ज्या एका गटाच्या हाती अँटीफ्रीझ लागलं होतं त्याला सगळा समुद्र मोकळा मिळाला. या गटाला नोटोथेनिऑइड म्हणतात, एकूण सव्वाशेच्या वर जाती, त्यातल्या बहुसंख्य अंटार्क्टिकच्या. अंटार्क्टिकाच्या सगळ्यात आतल्या, दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर जाळं टाकलं तर जाळ्यातल्या माशांच्या एकूण वजनापैकी ९० टक्क्यांहून जास्त वजन या एकाच गटाचं भरतं. जगात दुसऱ्या कुठल्या समुद्राच्या किनाऱ्यावर एका गटाची एवढी पकड असेल असं मला वाटत नाही.

इथे एक गोष्ट मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. आधी सरळ गोष्ट सांगितली जायची की अँटीफ्रीझ मिळालं आणि लगेच जातीच जाती तयार झाल्या. २०१२ मध्ये थॉमस निअर आणि सहकाऱ्यांनी या गटाचा वंशवृक्ष तपासला तेव्हा दिसलं की जाती झपाट्याने वाढण्याचा काळ अँटीफ्रीझ आल्यानंतर किमान एक कोटी वर्षांनी येतो, समुद्र पुन्हा एकदा गार पडला तेव्हा. अँटीफ्रीझमुळे हे मासे टिकून राहिले, पण त्यांना वेगवेगळं होण्याची संधी मिळाली ती बर्फाच्या मागे-पुढे होण्यामुळे असं मानलं जातं: हिमनद्या समुद्राच्या तळावरून घासत पुढे यायच्या, किनाऱ्यावरचं सगळं पुसून टाकायच्या, मासे इकडेतिकडे छोट्या छोट्या गटांत अडकून पडायचे, बर्फ मागे हटला की मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा पसरायचे, आणि हे कितीतरी वेळा झालं.

या माशांचे पूर्वज तळाशी बसून राहणारे होते, त्यांना पोटातली हवेची पिशवी नव्हती, जिच्या जोरावर बहुतेक मासे पाण्यात तरंगतात. मग वरचं पाणी रिकामं दिसल्यावर वर यायचं कसं? त्यांनी पिशवी परत नाही बनवली, ती गेली ती गेली. त्याऐवजी हाडांतलं खनिज कमी केलं, कूर्चा जास्त ठेवली आणि अंगात चरबी साठवली. अंटार्क्टिक सिल्व्हरफिश हा लहानसा मासा आणि अंटार्क्टिक टूथफिश हा भलामोठा शिकारी, दोघेही असेच पाण्यात जवळजवळ वजनरहित झालेत. सिल्व्हरफिशवर तर तिथले पेंग्विन, सील, टूथफिश असे सगळेच जगतात.

पण या गटातले सगळ्यात विलक्षण म्हणजे आइसफिश. यांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांमध्ये, मोठं झाल्यावरही हिमोग्लोबिनशिवाय जगणारे फक्त हेच, साधारण १६ जाती. कल्ले उघडून बघितले तर लाल नाहीत, फिक्कट पांढरे, आणि रक्त जवळजवळ पाण्यासारखं. देवमाशांची शिकार करणारे नॉर्वेजियन खलाशी अशा "बिनरक्ताच्या माशा"बद्दल बोलायचे. डिटलेफ रुस्टाड यांना १९२७ मध्ये बूवे बेटाजवळ असा मासा मिळाला, आणि योहान रूड यांनी साउथ जॉर्जिया बेटावर रक्ताची तपासणी करून १९५४ मध्ये हे पक्कं केलं. हिमोग्लोबिनचा एक जीन यांच्यात बहुतेक जातींत पूर्ण उडालाय आणि दुसऱ्याचा मोडका तुकडा उरलाय.

मग ऑक्सिजन वाहून नेतं कोण? रक्तातलं पाणीच, सरळ विरघळलेला ऑक्सिजन. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, शून्य डिग्रीच्या समुद्रात तो २५ डिग्रीच्या समुद्रापेक्षा दीडपटीहून जास्त असतो, आणि थंडीत शरीराची गरजही कमी असते, म्हणून हे जमतं. तरीही अशा रक्ताची ऑक्सिजन न्यायची ताकद लाल रक्ताच्या माशांच्या एक दशांशाहूनही कमी. ती तूट भरून काढायला आइसफिशचं हृदय खूप मोठं झालंय, रक्तवाहिन्या रुंद आहेत, रक्ताचं प्रमाण लाल रक्ताच्या माशांच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत आहे, आणि कल्ल्यांबरोबर खवले नसलेल्या कातडीतूनही थोडा ऑक्सिजन आत येतो. काही जण सांगतात की रक्त पातळ झाल्याने ते पंप करायला सोपं गेलं, म्हणून हा फायद्याचा बदल. मला ते पटत नाही. इतकं सगळं रक्त सतत फिरवत ठेवायला त्यांच्या हृदयाला जी शक्ती खर्च करावी लागते ती बघितली तर हे नुकसानच वाटतं, फक्त थंड आणि ऑक्सिजनने भरलेल्या, स्पर्धा कमी असलेल्या समुद्रात ते नुकसान जीवघेणं ठरलं नाही आणि मग हळूहळू बाकीच्या शरीराने ते भरून काढलं. बरेच संशोधकही आज याच बाजूला झुकलेत.

आणि हे मासे काही कसेबसे जगत नाहीयेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये पोलरस्टर्न हे जर्मन संशोधन जहाज वेडेल समुद्राच्या दक्षिणेला फिल्चनर हिमपट्ट्याजवळ (खंडावरून समुद्रावर पसरलेला तरंगता बर्फ) कॅमेरा तळाजवळून ओढत होतं, तेव्हा पडद्यावर गोल खड्डे दिसायला लागले आणि ते संपेचनात. प्रत्येक खड्डा सुमारे ७५ सेंटिमीटर रुंद, कडेला बारीक खडे, मध्ये सरासरी १७०० च्या वर अंडी, आणि बऱ्याच घरट्यांवर एक मोठा आइसफिश राखण करत बसलेला. सुमारे २४० चौरस किलोमीटरवर पसरलेली अंदाजे ६ कोटी घरटी, माशांची एवढी मोठी वसाहत त्याआधी जगात कुठेच नोंदलेली नव्हती. ही जागा तशी यादृच्छिक नाही, तिथे तळाशी आजूबाजूपेक्षा जरा उबदार पाणी वर येतं, आणि घरटी बरोबर त्या पाण्याच्या पट्ट्यात आहेत.

उत्तरेची गोष्ट अगदी वेगळी. आर्क्टिक हा जमिनींनी वेढलेला समुद्र, भोवती रुंद उथळ किनारे, मोठ्या नद्या आत येतात, आणि मुख्य म्हणजे तो बंद नाही. अटलांटिकच्या बाजूने ऐसपैस उघडा आहे, पॅसिफिकच्या बाजूने बेरिंग सामुद्रधुनी आहे जी ५० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास उघडली, फक्त ५० मीटरच्या आसपास खोल आहे, आणि हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली की चक्क कोरडी पडायची. उत्तरेची मोठी हिमयुगं गेल्या २७ लाख वर्षांतली, म्हणजे दक्षिणेच्या मानाने कालची. त्यामुळे इथे एका गटाला सगळं व्यापून टाकायला ना वेळ मिळाला ना एकांत. कॉड, स्कल्पिन, ईलपाउट, स्नेलफिश, चपटे मासे, सॅमनचे नातेवाईक असे वेगवेगळ्या घराण्यांचे लोक आहेत, बहुतेकांची मूळ घरं पॅसिफिक नाहीतर अटलांटिकमध्ये, आणि फक्त आर्क्टिकमध्येच सापडतात अशा जाती कमी. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर याच्या उलट, बहुसंख्य जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

मग एका ध्रुवावरून दुसऱ्या ध्रुवावर कोणीच गेलं नाही का? गेले, पण खालून. विषुववृत्तावरही समुद्राच्या खोल थरात पाणी दोन-चार डिग्रीचंच असतं, त्यामुळे जो मासा खोलवर राहू शकतो त्याच्यासाठी वाट मोकळी आहे. ईलपाउट आणि स्नेलफिश हे मूळचे उत्तर पॅसिफिकचे गट असेच खोल पाण्यातून पसरत दक्षिणेत पोचलेत आणि आज अंटार्क्टिकच्या खोल भागात त्यांच्या बऱ्याच जाती आहेत. उलट दिशेचा एक नमुनाही आहे: पॅटागोनियन टूथफिश हा दक्षिण गोलार्धातला मासा, आणि असा एक मोठा टूथफिश ग्रीनलंडजवळच्या डेव्हिस सामुद्रधुनीत पकडला गेला, २००३ मध्ये त्याची नोंद छापून आली. एवढं अंतर त्याने गरम पाणी टाळून, खोल थंड पाण्यातूनच कापलं असणार. पण एका माशाने जाणं वेगळं आणि तिथे वस्ती करणं वेगळं.

गरम समुद्रांत माशांच्या जाती जास्त, थंड समुद्रांत कमी, हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून वाटतं की नव्या जातीही गरम पाण्यातच भराभर तयार होत असतील. २०१८ मध्ये डॅनियल राबोस्की आणि सहकाऱ्यांनी हजारो माशांचा वंशवृक्ष तपासला आणि उलटं निघालं: समुद्री माशांच्या नव्या जाती बनण्याचा वेग सगळ्यात जास्त ध्रुवांकडे आहे. प्रवाळांजवळची गर्दी ही जुनी साठलेली संपत्ती आहे, नवं घडणं जास्त करून थंडीत चाललंय. ध्रुवांकडचे समुद्र म्हणजे कमी जातींचे, साचलेले, कंटाळवाणे समुद्र ही समजूत आता सोडून दिलेली बरी.

आता या सगळ्याची किंमत. एवढी वर्षं एकाच तापमानात राहिल्यावर जे लागत नाही ते हळूहळू जातं. १९६७ मध्ये जॉर्ज सोमेरो आणि डिव्ह्रीज यांनी दाखवलं की मॅकमर्डोचे ट्रेमाटोमस मासे (हेही नोटोथेनिऑइडच) पाणी ६ डिग्रीच्या आसपास गेलं की मरतात. ६ डिग्री! जवळजवळ सगळे सजीव उष्णता वाढली की बिघडलेली प्रोटीन्स सावरणारी खास प्रोटीन्स भराभर बनवतात, ही फार जुनी सोय आहे, पण यातल्या काही माशांमध्ये उष्णता वाढल्यावर ती वाढवण्याची क्षमताच उरलेली नाही. अँटीफ्रीझचाही एक त्रास आहे. ते बर्फ वाढू देत नाही तसं वितळूही सहज देत नाही, आत शिरलेले कण प्लीहेत साठून राहतात आणि २०१४ मध्ये दिसलं की उन्हाळ्यात पाणी थोडं कोमट झालं तरी ते तिथे वितळत नाहीत. म्हणजे हे मासे आयुष्यभर अंगात बर्फ बाळगतात.

बाहेर पडणं अगदीच अशक्य आहे असं नाही. आइसफिशची एक जात दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, मॅगेलनच्या पाण्यात राहते, अंटार्क्टिकच्या बाहेर राहणारा एकमेव आइसफिश, आणि २०२३ मध्ये तिचा जीनोम वाचला तेव्हा दिसलं की तिचे अँटीफ्रीझचे जीन निकामी झालेत. पण अशा बदलाला हजारो-लाखो वर्षं लागतात, आज पाणी तापायला तेवढा वेळ नाही.

उत्तरेत हे डोळ्यासमोर घडतंय, कारण तिथली वाट उघडी आहे. बॅरेंट्स समुद्रात अटलांटिक कॉड, हॅडॉक असे दक्षिणेकडचे मोठे मासे उत्तरेला सरकलेत आणि छोट्या आर्क्टिक जातींना मागे रेटतायत. पोलर कॉडवर नारव्हाल, बेलुगा, सील, समुद्रपक्षी सगळे अवलंबून आहेत, आणि त्याची अंडी-पिल्लं बर्फाच्या आसऱ्याने वाढतात, त्यामुळे बर्फ आटला की त्याला सगळ्या बाजूंनी फटका बसतो. २०१८ मध्ये दहा पक्षांनी, त्यात युरोपीय संघ आणि चीन, रशिया, अमेरिकाही आले, मध्य आर्क्टिक महासागरात व्यापारी मासेमारी निदान १६ वर्षं सुरूच करायची नाही असा करार केला, तो २०२१ पासून लागू आहे. मासेमारी सुरू व्हायच्या आधीच थांबवलेली बघून खरंच बरं वाटतं, कारण उशीर झाला की काय होतं ते दक्षिणेत दिसलंय: साउथ जॉर्जियाजवळ १९६९ ते १९७१ या दोन हंगामांत मार्बल्ड रॉककॉड या नोटोथेनिऑइडची सुमारे ५ लाख टन मासेमारी झाली आणि साठा कोसळला, सावरायला दशकं गेली.

दक्षिणेत आत येणारे कमी, पण आतल्यांना अजून थंड जागा शोधायला पुढे समुद्रच नाही, मागे खंड आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला समुद्रावरचा बर्फ कमी झाला तसे सिल्व्हरफिशची पिल्लंही कमी सापडायला लागली आहेत. रॉस समुद्रात २०१७ च्या डिसेंबरपासून १५ लाख चौरस किलोमीटरहून मोठं संरक्षित क्षेत्र आहे. वेडेल समुद्रासाठी तसाच प्रस्ताव युरोपीय संघाने २०१६ मध्ये मांडला होता, पण अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातल्या सजीवांच्या रक्षणाचं काम बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगात प्रत्येक निर्णयाला सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागतं, ते होत नाही, आणि प्रस्ताव वर्षानुवर्षं अडकून पडलाय. आइसफिशची ती ६ कोटी घरटी त्याच प्रस्तावित क्षेत्रात आहेत.